फ्लॉरेन्स पायी पायी : रेल्वे स्टेशनपासून कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छत्रीपर्यंत

रायपूरच्या पंडरीतून मी तुमच्याशी बोलतो आहे. आमच्या घराच्या मागेच इथला प्रसिद्ध कापड बाजार आहे. त्यामुळे मूळ चित्रफितीत मधूनमधून हातगाडीचा नाहीतर टेम्पोच्या भोंग्याचा आवाज ऐकू येतो. पुस्तकात तेवढा त्रास नाही. पण तो कापड बाजार लक्षात ठेवा, आजच्या गोष्टीत त्याचं काम आहे.

या मालेत आपण गावं पायी बघतो. मी पायदळातला माणूस. नोकरीची तीसेक वर्षं नकाशा हातात घेऊन चालण्यात गेली, आता निवृत्तीनंतर सवय सुटत नाही. आज जायचंय इटलीतल्या फ्लॉरेन्सला. तिथले लोक त्याला फिरेन्झे म्हणतात. या शहरावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, चित्रांवर, पुतळ्यांवर, घुमटावर. ते सगळं आपण वाटेत बघूच. पण आपली वाट जिथे संपणार आहे तिथे प्रवासी कंपन्यांच्या बसेस सहसा जात नाहीत. तिथे नदीकाठी झाडांत एक छत्री आहे आणि छत्रीखाली एका मराठी राजाचा अर्धपुतळा आहे. त्याला पाहायला मी का गेलो, हे आधी सांगतो. नाहीतर सात किलोमीटर चालायचं कशासाठी, हे तुम्हाला कळणार नाही.

एका बापाचा प्रश्न

मी लेफ्टनंट होतो, नवाकोरा. उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर आमचा एक जवान हिवाळ्यात गेला. सातारा जिल्ह्यातला पोरगा. तो कारगिलच्या बराच आधीचा काळ. तेव्हा पार्थिव घरापर्यंत पोहोचवणं नेहमी जमत नसे. बर्फानं रस्ता बंद होता. आम्ही खालच्या तळावर त्याला मानवंदना दिली, अग्नी दिला, आणि पंधरा-वीस दिवसांनी अस्थींचा कलश घेऊन मी त्याच्या गावी गेलो.

त्याच्या वडिलांनी कलश घेतला. रडले नाहीत. मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "सायेब, जागा कशी हुती? जवळ पानी हुतं का?"

मी म्हणालो, "होतं." खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं. थंडीनं हातपाय आखडलेले, डोक्यात पुढच्या कामाची यादी. चिता कुठल्या बाजूला रचली, समोर काय दिसत होतं, ओढा होता की नव्हता, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ज्या माणसाला नकाशा वाचायला शिकवलेलं असतं, त्याला एका बापाला ती जागा सांगता आली नाही. ते "होतं" माझ्या मनात अजून अडकून आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की कोल्हापूरचे एक छत्रपती परदेशात वारले आणि त्यांना फ्लॉरेन्समध्ये नदीच्या काठी अग्नी दिला गेला. मनात पहिला प्रश्न तोच आला. जागा कशी होती? २०२३ च्या ऑक्टोबरात मुलीकडे युरोपात जाणं झालं, तेव्हा मी आणि सौभाग्यवती दोन दिवस काढून फ्लॉरेन्सला गेलो. एक दिवस संग्रहालयांचा, आणि एक दिवस हा, निव्वळ चालण्याचा.

निघण्याआधी

फौजेत कुठेही जाण्याआधी जमिनीची ओळख करून घेतात. फ्लॉरेन्सची जमीन सोपी आहे. आर्नो नावाची नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. जुनं शहर बहुतेक तिच्या उत्तर काठावर, म्हणजे उजव्या काठावर आहे. आपण रेल्वे स्टेशनवरून आधी पूर्वेकडे शहराच्या मध्यावर जायचं, तिथून दक्षिणेला नदीवर उतरायचं, आणि मग नदीला डाव्या हाताला ठेवून पाण्याच्या वाहत्या दिशेनं पश्चिमेला चालत राहायचं. एवढं लक्षात ठेवलं की चुकायचं कारण नाही. सगळं मिळून सात किलोमीटरच्या आसपास होतं. रस्ते दगडी फरशांचे आहेत, तेव्हा जाड तळव्याचे जुने, सवयीचे बूट घाला. उफ्फीत्सी संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि त्याची तिकिटं आधी काढलेली बरी. पण आज आपल्याला आत कुठे जायचंच नाही.

स्टेशन ते दुओमो

सांता मारिया नोव्हेल्ला हे मुख्य स्टेशन. समोर त्याच नावाचं चर्च आहे, त्याचा पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचा दर्शनी भाग आल्बेर्तीनं रचला आणि तो १४७० मध्ये पुरा झाला. तिथून दहा मिनिटं चाललं की गल्ली संपते आणि अचानक समोर दुओमो उभा राहतो. दुओमो म्हणजे शहराचं मुख्य चर्च. बांधकाम १२९६ मध्ये सुरू झालं. शेजारचा मनोरा जोत्तोच्या आराखड्याचा, १३३४ मध्ये सुरू केलेला.

या चर्चची मोठी गोष्ट म्हणजे त्याचा घुमट. भिंती उभ्या राहिल्या, पण वरचं अष्टकोनी भगदाड इतकं मोठं की ते झाकायचं कसं हे कित्येक वर्षं कोणालाच उमगेना. आतला पल्ला सुमारे ४५ मीटर. विजापूरचा गोल घुमट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलाय, त्याचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आणि तो १६५६ चा. म्हणजे त्याच्याही दोनशे वर्षं आधीची ही अडचण. कमान बांधताना खालून लाकडी आधार देतात, ती पुरी झाली की आधार काढतात. इथे जमिनीपासून एवढ्या उंचीपर्यंत आधार द्यायला लाकूड कुठून आणायचं?

फिलिप्पो ब्रुनेलेस्कीनं तोड काढली. मूळचा तो सोनार. त्यानं एकात एक असे दोन घुमट बांधले, आतला जाड, बाहेरचा पातळ, मध्ये चढायला जिना. विटा सरळ थरात न लावता मधूनमधून उभ्या विटांच्या तिरप्या रांगा घातल्या. त्यामुळे ओला थर घसरत नाही, प्रत्येक वेढा पुरा झाला की स्वतःला स्वतः धरून ठेवतो. घुमट बाहेर फाकू नये म्हणून आत दगडाच्या आणि लाकडाच्या साखळ्या कडं घातल्यासारख्या बसवल्या. पिंपाला पट्ट्या असतात, तसंच. १४२० ते १४३६, सोळा वर्षांत काम पुरं. चाळीस लाखांहून जास्त विटा लागल्या असं सांगतात. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत. सौभाग्यवती खाली बसून राहिल्या, मी आदल्या दिवशी चढून आलो. गुडघे शाबूत असतील तर चढा.

आता दुओमोच्या पुढच्या बाजूला उभे राहा. रंगीत संगमरवर, पुतळे, नक्षी, डोळे दिपतात. पण हा दर्शनी भाग १८८७ चा आहे. त्याआधी इथे उघडी ओबडधोबड भिंत होती. म्हणजे १८७० च्या नोव्हेंबरात आपले महाराज या शहरात आले तेव्हा मागे हा महाकाय घुमट, आणि पुढून चर्च मात्र गिलावा न केलेल्या घरासारखं. जुन्या शहरात चालताना हे नेहमी ध्यानात ठेवावं. जे जुनं दिसतं ते सगळं एका वयाचं नसतं.

कापडाचं गाव

दुओमोपासून दक्षिणेला काल्त्सायुओली नावाचा रस्ता जातो. पायमोजे आणि पादत्राणं करणाऱ्यांचा रस्ता, म्हणून हे नाव. वाटेत उजव्या हाताला ओर्सानमिकेले म्हणून चौकोनी, उंच, गढीसारखी इमारत लागते. मुळात धान्याचा बाजार, नंतर चर्च झालं. बाहेरच्या कोनाड्यांत संतांचे पुतळे आहेत, आणि प्रत्येक कोनाड्याचा खर्च एकेका व्यापारी संघानं केलेला. लोकरीवाले, रेशीमवाले, सराफ, लोहार, सगळे.

आता आमचा पंडरीचा बाजार आठवा. फ्लॉरेन्सची श्रीमंती मुळात कापडाची. एक संघ बाहेरून आलेलं जाडंभरडं लोकरी कापड घेऊन त्याला रंग आणि सफाई देऊन विकायचा. दुसरा लोकर आणून कापड विणवून घ्यायचा. या लोकरीवाल्यांच्या संघाकडेच दुओमोच्या बांधकामाचा कारभार होता. म्हणजे ब्रुनेलेस्कीला पगार देणारे कापडवाले! कापडातून पैसा, पैशातून सावकारी. १२५२ पासून इथलं सोन्याचं नाणं, फ्लोरिन, युरोपभर चालत होतं. मेदिची घराणं मोठं झालं ते पेढीवर. आमच्या गल्लीत थानांच्या ढिगावर बसून हिशेब करणारे शेठजी बघितले की मला आता हे सगळं आठवतं.

सिन्योरिया चौक आणि एक गोल फरशी

पाच-सात मिनिटांत आपण पियात्सा देल्ला सिन्योरियात येतो. पियात्सा म्हणजे चौक. समोर पलाझ्झो वेक्कियो, जुना राजवाडा म्हणा किंवा नगर कचेरी म्हणा, ९४ मीटर उंच मनोऱ्याचा. १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्स हे इटलीचं राजधानीचं शहर होतं आणि देशाच्या कायदेमंडळाचं कनिष्ठ सभागृह याच इमारतीत भरत असे. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि राजधानी तिकडे हलणार हे ठरलं. महाराज इथे आले ते या धामधुमीत.

दाराशी मायकेलअँजेलोचा डेव्हिड उभा आहे. ही नक्कल. खरा डेव्हिड १५०४ पासून उघड्यावर इथेच होता, १८७३ मध्ये त्याला आकादेमिया संग्रहालयात नेलं. म्हणजे १८७० मध्ये पाऊसपाणी खात खराच उभा होता.

आता जमिनीकडे बघा. चौकाच्या मधोमध, कारंज्याच्या पुढे, एक गोल फरशी बसवलेली आहे. २३ मे १४९८ ला इथे साव्होनारोला या धर्मोपदेशकाला त्याच्या दोन साथीदारांसह फाशी देऊन जाळलं. त्याच्या अनुयायांनी अवशेष जपून ठेवू नयेत म्हणून राख नेऊन आर्नोत टाकली. मी या फरशीपाशी बराच वेळ उभा होतो. आपल्याकडे अग्नी देणं हा शेवटचा संस्कार. बाप मुलाकडून त्याची आशा धरतो. त्या काळच्या युरोपात देह जाळणं म्हणजे पाखंड्याला द्यायची शिक्षा. साधा ख्रिस्ती माणूस पुरला जायचा. तीच आग, तीच नदी, आणि अर्थ नेमका उलटा. पुढची गोष्ट समजायला ही फरशी पाहणं जरूर आहे.

उफ्फीत्सी आणि मराठा जवान

राजवाड्याच्या बाजूनं नदीकडे जाताना दोन्ही हातांना उफ्फीत्सीचे लांबलचक खांब लागतात. उफ्फीत्सी म्हणजे कचेऱ्या. वासारीनं १५६० मध्ये मेदिची सरकारच्या दफ्तरासाठी बांधायला घेतली. आज तिथे बोत्तिचेल्लीची 'प्रिमावेरा' आणि 'व्हीनसचा जन्म' ही चित्रं आहेत. आत जाल तेव्हा 'प्रिमावेरा'समोर एक क्षण आपल्या माणसांसाठी थांबा.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं ही चित्रं शहराबाहेरच्या वाड्यांत हलवली होती. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला, वीसेक किलोमीटरवर मोन्तेगुफोनीचा किल्लेवजा वाडा आहे, तिथे दोनशेहून जास्त चित्रं होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत होती, आणि त्या वाड्यात विसावा घेणारे जवान होते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. एरिक लिंक्लेटर नावाचा स्कॉटिश लेखक तेव्हा या डिव्हिजनबरोबर होता. त्यानं आणि एका बीबीसी वार्ताहरानं ही चित्रं ओळखली, आणि त्यांच्यावर पहारा बसला. साताऱ्या-रत्नागिरीकडची पोरं, आणि त्यांच्या पथाऱ्यांच्या बाजूला भिंतीशी टेकवून ठेवलेला युरोपचा खजिना! युद्धातल्या सगळ्याच गोष्टी वाईट नसतात.

पण बहुतेक असतात. इटलीच्या त्याच मोहिमेत, १० जुलै १९४४ ला, टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. बॉम्ब फेकला, गोळ्या झाडल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक उलटी धरून सोट्यासारखी चालवली. ठाणं घेतलं आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी पडले. बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचं स्मारक आहे, आणि २०२३ मध्ये इटलीत मोन्तोने गावातही त्यांच्या नावाची सूर्यघडी उभी राहिली. पुढच्या एप्रिलात सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते सुदैवानं परत आले.

जुना पूल आणि नवे पूल

खांबांतून बाहेर पडलं की नदी. उजव्या हाताला पोंते वेक्कियो, जुना पूल. १३४५ चा. पुलावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. पूर्वी खाटिक असायचे, १५९३ मध्ये त्यांना हलवून सोनारांना बसवलं, ते आजपर्यंत आहेत. दुकानांच्या डोक्यावरून मेदिचींच्या येण्याजाण्याची झाकलेली वाट जाते.

फौजी माणसाला या पुलावर वेगळंच दिसतं. ३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले बाकी सगळे पूल उडवले. हा एकच ठेवला, पण त्याच्या दोन्ही टोकांची घरं पाडून ढिगाऱ्यानं वाट बुजवली. पुलाजवळची घरं बारकाईनं बघा, ती नवी आहेत हे कळतं. पुढचा सांता त्रिनिता पूल तर नदीतले दगड शोधून काढून पुन्हा होता तसा बांधला, १९५८ मध्ये पुरा झाला. आणि ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोला असा पूर आला की काही गल्ल्यांत पाणी सहा मीटरच्या वर चढलं. पाण्याच्या उंचीच्या पाट्या भिंतींवर आहेत. आपल्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ चं पानशेत सांगावं लागत नाही, तसंच तिथल्या जुन्या माणसांना ही तारीख सांगावी लागत नाही.

आता पूल ओलांडायचा नाही. नदी डाव्या हाताला, आणि पश्चिमेकडे चला. दहा-बारा मिनिटांत ओन्यीसान्ती चौक येतो. चर्चमध्ये बोत्तिचेल्लीची कबर आहे. या चौकाला १८७० च्या सुमारास मानीन चौक म्हणत, आणि इथल्या एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० ला कोल्हापूरचे राजाराम महाराज वारले.

कोणते राजाराम?

नावाचा घोटाळा होतो म्हणून सांगतो. हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम नव्हेत, आणि शाहू महाराजांचे चिरंजीव राजारामही नव्हेत. हे मधले. जन्म १८५०, पाटणकर घराण्यातला. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. इंग्रजी शिकले. १८७० मध्ये युरोपला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानण्याचा तो काळ, आणि युरोपचा प्रवास करणाऱ्या पहिल्या हिंदू राजांपैकी हे एक. वय वीस. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले. रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. त्यांच्याबरोबर असलेले कॅप्टन वेस्ट यांनी तिचं संपादन केलं.

परतीच्या वाटेवर, युरोपातून इटलीत उतरताना तब्येत बिघडली. फ्लॉरेन्समध्ये सगळं संपलं. घर हजारो मैल दूर, आणि बरोबरच्या माणसांपुढे एकच प्रश्न, अग्नी कुठे द्यायचा?

सिन्योरिया चौकातली ती गोल फरशी आता आठवा. या शहरात मृतदेह जाळायची रीतच नव्हती, कायद्यात तशी सोय नव्हती. युरोपात दहनाची चर्चा विद्वानांत नुकती सुरू झाली होती. इटलीतलं पहिलं आधुनिक दहनगृह मिलानमध्ये सुरू झालं ते १८७६ मध्ये. तरीही ब्रिटिश वकिलातीनं रदबदली केली आणि शहराच्या अधिकाऱ्यांनी एका रात्रीपुरती खास परवानगी दिली. महाराजांच्या माणसांनी जागा मागितली ती संगमाची. आर्नोला जिथे मुन्योने नावाची छोटी नदी मिळते ती, शहराच्या पार पश्चिमेला, काशीने बागेच्या टोकाला. लाकडं, तूप, चंदन जमवलं, आणि त्याच रात्री विधीपूर्वक दहन झालं. थंडीतही फ्लॉरेन्सची माणसं पाहायला गोळा झाली होती.

काशीनेतून संगमाकडे

आपणही त्याच दिशेनं चालायचं. ओन्यीसान्तीपासून काशीने बागेचं तोंड पंधरा-वीस मिनिटांवर. काशीने म्हणजे गोठे, दुभत्याची वाडी. मेदिचींची ही शेती आणि शिकारीची जागा, नंतर सार्वजनिक बाग झाली. नदीच्या कडेनं लांबच लांब, रुंदी थोडी. मंगळवारी मोठा बाजार भरतो, कपडे, भांडी, भाज्या, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा. आम्ही नेमके मंगळवारीच गेलो, आणि सौभाग्यवतींनी तिथून एक चाळणी घेतली. पुढे बाजार संपतो, दुकानं संपतात. धावणारी पोरं, कुत्री फिरवणारी म्हातारी माणसं आणि मोठाली झाडं. तीनएक किलोमीटर असं चालायचं.

मग झाडांतून ती छत्री दिसते. चार बाजूंनी उघडी, कोरीव खांबांवर घुमटी. आत महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, अंगावर दागिने, आणि सगळं रंगीत. पांढऱ्या पुतळ्यांच्या शहरात हा एक रंगवलेला पुतळा. तो केला चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानं, आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. मँट हे नाव कोल्हापूरकरांना नवं नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाऊन हॉल त्यांचेच. म्हणजे कोल्हापुरात उभे राहून राजवाडा पाहणारा आणि आर्नोकाठी उभे राहून छत्री पाहणारा, दोघं एकाच माणसाचं काम पाहत असतात.

महाराजांच्या मागे दत्तक आले शिवाजी महाराज, त्यांचाही करुण शेवट १८८३ मध्ये झाला, आणि १८८४ मध्ये दत्तक आले ते राजर्षी शाहू. कोल्हापुरातलं राजाराम कॉलेज या फ्लॉरेन्सला गेलेल्या राजारामांच्या नावाचं. नाव रोज घेतलं जातं, पण ते कुणाचं हे पुष्कळांना माहीत नसतं.

फ्लॉरेन्सच्या लोकांना तर त्यांचं नाव उच्चारताच येत नाही. ते म्हणतात 'इंदियानो', भारतीय. स्मारक इंदियानोचं, शेजारची जुनी इमारत इंदियानोची, आणि १९७० च्या दशकात इथेच नदीवर तारांनी तोललेला मोठा पूल बांधला, त्याचंही नाव 'पोंते आल्लिंदियानो', भारतीयाचा पूल. एका वृद्ध गृहस्थांना मी मोडक्या इंग्रजी-इटालियनमध्ये विचारलं, हे कोण? ते म्हणाले, "भारताचा राजकुमार. तरुण होता. इथेच गेला." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचा?" मी म्हणालो, "हो. आमचा."

जागा कशी होती

छत्रीपासून पुढे थोडं चाललं की जमीन संपते. डाव्या हाताला आर्नो, रुंद, संथ, मातकट. उजवीकडून मुन्योने येते, अगदी ओढ्याएवढी, आणि आवाज न करता तिच्यात मिसळते. समोरच्या काठावर झाडं. डोक्यावर आता पुलाचा सांगाडा आणि गाड्यांची घरघर आहे, १८७० मध्ये ती नव्हती. वारा पाण्यावरून येतो. पायाखाली माती मऊ आहे.

आम्ही दोघं तिथे अर्धा तास बसलो. इकडे रायपूरची माणसं अस्थी घेऊन राजिमला जातात, महानदी, पैरी आणि सोंढूर जिथे मिळतात तिथे. कोल्हापूरकरांना प्रयाग चिखली आहे. परक्या देशात, धर्म वेगळा, कायदा आड येणारा, भाषा कळत नाही, अशा वेळी त्या चार माणसांनी नकाशात आधी काय शोधलं असेल? दोन नद्या. आणि ज्या शहराच्या चौकात जाळणं ही शिक्षा होती, त्यानं एका परक्या मुलासाठी ती एक रात्र मोकळी करून दिली. पुढे दगडाची छत्री उभारू दिली, दीडशे वर्षं सांभाळली आणि पुलालाही त्याचंच नाव दिलं. मला त्या घुमटाइतकीच ही गोष्ट मोठी वाटली.

मी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. दिशा, पाणी किती लांब, झाडं कोणत्या बाजूला, समोर काय. सौभाग्यवतींनी विचारलं, "आता हे कुणाला द्यायचंय?" ज्यांना द्यायचं होतं ते कधीच गेले. पण राजाराम महाराजांच्या आईनंही कोल्हापुरात कुणाला तरी विचारलं असेलच, जागा कशी होती, जवळ पाणी होतं का. आज तुम्हाला सांगतो. होतं. दोन नद्यांचं होतं.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांची मुलं परदेशात आहेत, ज्यांच्या घरचं कोणी दूर कुठे गेलं आणि तिथेच अग्नी दिला गेला, त्यांनी कधी जमलं तर ती जागा एकदा पायी जाऊन बघावी. जमलं नाही तर जो जाईल त्याला नीट बघून यायला सांगावं. फोटो असतातच. पण घरच्या म्हाताऱ्या माणसाला फोटो पुरत नाही. त्याला कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं, की रस्ता कसा होता, सावली होती का, पाणी कोणत्या हाताला होतं.

पुढच्या भागात युरोपातून परत यायचं आणि आमच्याच रायपूरची जुनी वस्ती पायी बघायची, बुढा तलावापासून दूधाधारी मठापर्यंत. भोसल्यांच्या खुणा तिथे अजून आहेत. तोवर नमस्कार. जय हिंद.